वादी मयत, खटला तहकूब

दिवाणी न्यायालयाच्या बाकावर ज्यांनी एखादी दुपार काढली आहे त्यांना हा प्रसंग नवा नाही. शिपाई दारात येऊन दाव्याचा पुकारा करतो. प्रतिवादीचे वकील गाऊन सावरीत उभे राहतात. वादीच्या वकिलांच्या शेजारची जागा मात्र रिकामी असते. ते एक कागद पुढे करतात आणि आवाज थोडा खाली आणून म्हणतात, "साहेब, वादी मयत झाले. पुरसिस दिली आहे." न्यायाधीश मान वर करून पाहतात, रोजनाम्यात दोन ओळी पडतात, पुढची तारीख नेमली जाते आणि शिपाई दुसऱ्या दाव्याचा पुकारा करायला वळतो. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम.

दावा जमिनीच्या वाटणीचा किंवा भाड्याच्या थकबाकीचा असेल तर या दोन मिनिटांत विशेष काही घडत नाही. जमीन आपल्या जागी असते. बापाच्या जागी मुलगा उभा राहतो आणि भांडण पुढच्या पिढीत सुखेनैव चालू राहते. पण दावा शरीराचा असेल तर? शस्त्रक्रियेत हयगय झाली, त्यामुळे आपण जन्माचे पंगू झालो, असे म्हणून एखाद्या रोग्याने डॉक्टरवर भरपाईची फिर्याद केली, आणि सुनावणीची तारीख उजाडण्यापूर्वी तोच गेला, तर? ज्या वेदनेची किंमत मागायची ती सोसणारा उरला नाही. ज्या पायाची भरपाई मागायची तो पाय स्मशानात गेला. आता न्यायालयाने काय करावे? खटला पुढे ढकलावा, की बंद करावा? आणि पुढे ढकलला तर कोणासाठी?

आज आम्हाला सांगावयाचे आहे ते या दोन मिनिटांच्या तहकुबीविषयी. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. इतिहासाच्या वाटेने जाताना हा विषय आमच्या पायात आला. पण एकदा तो उचलून पाहिला तेव्हा ध्यानात आले की या तहकुबीमागे सातशे वर्षांचा वाद आहे, आणि तो वाद आपल्या देशात अजून पुरता मिटलेला नाही.

आपल्या न्यायालयांनी ज्या घरातून आपली रीतभात घेतली त्या इंग्लंडच्या घरात एक लॅटिन वचन पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून वावरत होते. 'ॲक्टिओ पर्सोनालिस मोरितुर कुम पर्सोना' असे ते वचन. व्यक्तीचा दावा व्यक्तीबरोबर मरतो, हा त्याचा अर्थ. वचन लॅटिन असल्यामुळे ते रोमन लोकांचे असावे असे कोणालाही वाटेल. पण रोमन कायदा याहून शहाणा होता. शारीरिक अपमानाचा किंवा इजेचा दावा रोमन माणसाने लावलाच नाही आणि तो मेला, तर वारसांना तो लावता येत नसे, हे खरे. परंतु एकदा दोन्ही पक्ष न्यायाधिकाऱ्यापुढे उभे राहून वादाचे मुद्दे ठरले, म्हणजे तो दावा मृत्यूच्या तडाख्यातून सुटला असे ते मानीत. एकदा न्यायाच्या कुंपणात शिरलेला दावा तेथे सुरक्षित राही. इंग्रजांनी वचन लॅटिन घेतले, शहाणपण मात्र मागे ठेवले. त्यांच्याकडे सुनावणी चालू असताना वादी मेला तरी दावा मेला.

एका दृष्टीने या वचनात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीतही बापाचे ऋण मुलाने फेडावे असे सांगून त्याच्या दंडाची बाकी मात्र त्यातून वगळली आहे. अपराध ज्याचा त्याच्यापाशी संपावा, ही भावना जुनी आणि माणुसकीची आहे. पण अपराध करणाऱ्याबरोबर त्याचा दंड संपणे निराळे, आणि अपराध सोसणाऱ्याबरोबर त्याचा न्याय संपणे निराळे. इंग्लंडच्या कायद्याने या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधल्या.

मालमत्तेपुरती ही गाठ लवकर सैल झाली. १३३० साली कायदा होऊन मयताचा माल पळवून नेणाऱ्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांना फिर्याद करता येऊ लागली. बोकड चोरीला गेला तर मालकाच्या मरणानंतरही न्याय मिळू लागला. मालकाचा हात तुटला तर मात्र नाही. पुढे १६६५ साली आणखी एक पाऊल पडले. ज्यूरीचा कौल झाला आहे, पण न्यायाधीशाचा निवाडा लिहिला गेलेला नाही, अशा मधल्या दिवसांत पक्षकार मेला तर तेवढ्या कारणावरून कौल चुकीचा ठरवू नये, असे ठरले. म्हणजे मरणाने थोडा दम धरला आणि ज्यूरी आपल्या खोलीतून परत आली, की वादी जिंकला! आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बाविसाव्या आदेशातील सहाव्या नियमात आजही या कायद्याचा वंशज बसलेला आहे. सुनावणी संपल्यावर आणि निकाल देण्यापूर्वी पक्षकार मरण पावला तर दावा विझत नाही, असे तो नियम सांगतो.

आता वैद्यांच्या दाराशी येऊ. १७६७ साली लंडनमध्ये एका रोग्याने एका नामांकित शल्यवैद्यावर व त्याच्या साथीदार औषधवाल्यावर दावा लावला. रोग्याचा मोडलेला पाय जुळून येत होता. या दोघांनी त्याची संमती न घेता तो पुन्हा मोडला आणि लोखंडी दात असलेले एक नवे यंत्र त्यावर बसविले. दुसऱ्या शल्यवैद्यांनी साक्षी दिल्या की ही रीत नव्हे. ज्यूरीने पाचशे पौंडांची भरपाई दिली. इंग्रजी कायद्यात रोग्याच्या संमतीची चर्चा करताना अजून या खटल्याचा दाखला निघतो. आम्हाला त्यातली एवढीच गोष्ट येथे हवी, की रोगी लंगडत का होईना, न्यायालयापर्यंत जिवंत पोचला. तो वाटेत मेला असता तर शल्यवैद्याला पाचशे पौंड सोडाच, पाच शिलिंगही द्यावे लागले नसते.

ही आमची अतिशयोक्ती नव्हे. चाळीसएक वर्षांनी, १८०८ साली, नेमका असाच प्रसंग न्यायालयापुढे आला. एक खानावळवाला आपल्या पत्नीसह घोडागाडीच्या टपावर बसून चालला होता. गाडी उलटली. त्याला मुका मार लागला, पत्नी जबर जखमी झाली आणि महिनाभराने इस्पितळात वारली. खानावळीचा सारा कारभार ती बाईच पाही. नवऱ्याने गाडीवाल्यांवर दावा केला. लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीला बजावले की, दिवाणी न्यायालयात मनुष्याच्या मृत्यूची इजा म्हणून तक्रार करता येत नाही. नवऱ्याने पत्नीच्या सहवासाचा हिशेब तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत मांडावा, त्यापुढे नाही. ज्यूरीने शंभर पौंड दिले. एक महिना ती तळमळली त्याची भरपाई झाली. पुढची सारी वर्षे ती नव्हती, त्याची झाली नाही. न्यायमूर्तींनी या मतासाठी एकही जुना आधार दिला नाही. छापील वृत्तांत जेमतेम एका पानाचा आहे. पण हे एक पान इंग्लंडच्या कायद्याच्या छातीवर शंभर वर्षांहून अधिक काळ बसून राहिले. १९१७ साली तिथल्या उमराव सभेने ते पुन्हा उचलून धरले.

या दोन निकालांची बेरीज करून पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो. माणसाला जखमी केले तर खिसा रिकामा होईल. पुरता मारला तर काही द्यावे लागणार नाही. घोडागाडीच्या काळात हे खपले, कारण अपघात थोडे आणि मरणारे बहुधा गरीब. आगगाडी आली आणि हिशेब बदलला.

इंग्लंडात एक जुनाट चाल होती. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, मग ती गाडीचे चाक असो वा मारका बैल, राजाकडे जप्त व्हावी आणि तिची किंमत धर्मकार्याला लागावी. तिला 'डिओडँड' म्हणत. देवाला द्यावयाचे ते, असा त्याचा अर्थ. ही चाल मरणपंथाला लागली होती, तोच १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंगच्या खिंडीत मातीचा ढीग रुळावर कोसळला आणि त्यात अडकलेल्या गाडीच्या उघड्या डब्यांतून चाललेले मजूर दगावले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी इंजिन व डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड बसविला. कायद्याला विधवेचे रडणे ऐकू येत नव्हते, तेव्हा पंचांनी देवाच्या नावाने कंपनीला दंड केला! अर्थात हे पैसे विधवांच्या घरी जाणार नव्हतेच. कंपन्यांनी आरडाओरडा केला. अखेर १८४६ च्या ऑगस्ट महिन्यात पार्लमेंटने दोन कायदे आठवड्याभराच्या अंतराने केले. एकाने डिओडँड रद्द झाला. दुसऱ्याने, ज्याला लॉर्ड कँबेलचा कायदा म्हणतात, मयताची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना भरपाईचा स्वतंत्र हक्क मिळाला. देवाचा वाटा काढून तो पोरांना दिला असे म्हणावयास हरकत नाही.

हा कायदा आपल्याकडे फार लवकर आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, आणि पुरती दोन वर्षे होण्यापूर्वीच, २७ मार्च १८५५ रोजी, कलकत्त्याच्या कौन्सिलाने बारावा व तेरावा असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर केले. तेरावा कायदा लॉर्ड कँबेलचीच नक्कल होती: हयगयीने मृत्यू झाला तर जवळच्या नातलगांना दावा करता यावा. बाराव्याने मयताच्या वारसांना, मृत्यूच्या आधी वर्षभरात झालेल्या अन्यायाने त्याच्या मालमत्तेचे जे आर्थिक नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरता दावा चालविता येईल असे केले. हे दोन्ही कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर नव्हता, इंजिन होते. पण कायद्याचे शब्द व्यापक होते. 'अन्याय्य कृत्य, हयगय किंवा कसूर' असे ते होते. शंभर वर्षांनी त्याच शब्दांत डॉक्टर सापडला.

तो खटला पुण्यातला. १९५३ च्या मे महिन्यात कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणून एका शल्यवैद्याच्या स्वाधीन केले आणि त्याच दिवशी तो दगावला. पुरेशी भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या सुईवर भिस्त ठेवून, जोर लावून हाड बसविले आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, असे आईबापांचे म्हणणे. रक्तात चरबीचा कण अडकल्याने मृत्यू आला, असे डॉक्टरांचे. तेराव्या कायद्याखाली आईबापांना तीन हजार रुपये मिळाले. उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात जाता जाता १९६८ चा मे उजाडला, आणि तेथेही डॉक्टर हरले. डॉक्टराचे कर्तव्य काय, हे आपल्या देशात नीट लिहिले गेले ते या निकालात. तीन हजारांच्या मागे कोणी पंधरा वर्षे जात नाही. आपला मुलगा का गेला, एवढे अधिकाराने कोणीतरी सांगावे म्हणून लोक जातात.

येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या खटल्यात वादी मेला नव्हता. रोगी मेला होता आणि वादी त्याचे आईबाप होते. त्यामुळे सुनावणीला मरणाची अडचण आली नाही. खरी गुंतागुंत होते ती रोगी स्वतः वादी असून मधेच जातो तेव्हा. आपण सुरुवातीला पाहिलेली रिकामी जागा ती हीच.

तहकुबीच्या त्या काळात काय काय होते पहा. मयताचे वारस कोण, हे ठरवून नव्वद दिवसांच्या आत त्यांना दाव्यात आणावे लागते. ते न जमले तर दावा 'अबेट' झाला असे वकील म्हणतात. शब्द परका, पण अर्थ सरळ: दावा विझला. तो पुन्हा पेटविण्यासाठी आणखी साठ दिवसांत अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचे कारण पटवावे लागते. खेड्यातल्या विधवेला नव्वद दिवस किती थोडे असतात हे सांगावयास नको. तेराव्याचा खर्च फिटलेला नसतो आणि वारसाचा दाखला हाती आलेला नसतो. १९७६ साली संहितेत दुरुस्ती करून, आपला पक्षकार मेल्याचे कळताच वकिलाने न्यायालयास कळविले पाहिजे असे बंधन घातले गेले. ती पुरसिस येते ती त्यामुळे.

परंतु वारस आले म्हणजे सारे झाले असे नाही. मूळ प्रश्न राहतोच: दाव्याचा हक्क उरला आहे काय? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ३०६ व्या कलमात याचे उत्तर आहे. मयताचे बहुतेक सर्व दावे त्याच्या व्यवस्थापकांकडे येतात. पण बदनामी, अंगावर धावून जाणे आणि 'ज्यांनी मृत्यू आलेला नाही अशा शारीरिक इजा' यांचे दावे येत नाहीत. कायद्याने स्वतःच एक उदाहरण दिले आहे. रेल्वेच्या नोकराच्या हयगयीने टक्कर होऊन उतारू जबर जखमी झाला, पण त्या जखमेने मेला नाही. पुढे दावा न लावता तो वारला. दाव्याचा हक्क उरत नाही.

आता हेच उदाहरण इस्पितळात नेऊन पाहा. शस्त्रक्रियेच्या हयगयीने एक मनुष्य चार वर्षे अंथरुणाला खिळला. त्याने दावा लावला, तारखा पडत गेल्या. पाचव्या वर्षी तो गेला. तो त्या हयगयीच्या परिणामाने गेला असेल तर दावा जिवंत. हृदयविकाराने किंवा पटकीने गेला असेल तर चार वर्षांच्या यातनांचा दावा त्याच्याबरोबर सरणावर गेला. म्हणून वादीच्या मृत्यूनंतरची तहकुबी पुष्कळदा शवचिकित्सेच्या अहवालासाठी असते. ज्या घरात प्रेत नुसते उचलले गेले, चिकित्सा झालीच नाही, त्या घराने मृत्यूचे कारण कसे सिद्ध करावे? आमच्या लोकांना शवचिकित्सेची शिसारी असते आणि ती अनैसर्गिक नाही. पण या एका कागदावाचून किती दावे फसले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

रोग्याची साक्ष हा दुसरा प्रश्न. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याला काय सांगितले, शुद्धीवर आल्यावर काय वाटले, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक? आमच्या संहितेत यावर उपाय आहे. आजारी साक्षीदाराची जबानी कमिशनमार्फत त्याच्या बिछान्यापाशी जाऊन घेता येते. पुरेसे कारण दाखविले तर नेमल्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब घेता येते. जाणते वकील आधी हे उरकून घेतात. पण ते सुचवायला वकील जाणता असावा लागतो आणि अर्ज ऐकायला न्यायाधीशाला वेळ असावा लागतो.

इंग्लंडात दरम्यान काय झाले हे पाहणे उपयोगी आहे. मोटारी आल्या आणि त्या जुन्या वचनाची दुसरी धार दिसली: बेफाम हाकणारा स्वतःच अपघातात मेला तर त्याने लोळविलेल्या माणसाचा दावाही त्याच्याबरोबर मेला! १९३४ साली पार्लमेंटने हे वचन, बदनामीसारखे थोडे अपवाद वगळता, मोडीत काढले. तीनच वर्षांनी एका तरुणीचा खटला उमराव सभेपुढे आला. अपघातात तिचा पाय कापावा लागला आणि चार दिवसांत ती गेली. तिचे जे आयुष्य हिरावले गेले त्याची भरपाई तिच्या वारसाला मिळावी काय? सभेने होकार दिला आणि एक हजार पौंड मान्य केले. मग मात्र आयुष्याचा भाव काय, या प्रश्नाने न्यायाधीश बेजार झाले. १९४१ साली अडीच वर्षांच्या मुलाच्या मृत्यूत बाराशे पौंडांचे दोनशे केले गेले आणि तो जणू दरपत्रकाचा आकडा ठरला. १९८२ च्या कायद्याने तो प्रकारच तिथे बंद झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६१ साली दक्षिणेतल्या एका बस-अपघाताच्या खटल्यात नातलगांचे नुकसान आणि मयताच्या मालमत्तेचे नुकसान हे दोन निराळे हक्क आहेत, मात्र तोच पैसा दोनदा मिळू नये, असे सांगितले.

पण इंग्लंडच्या अनुभवातली आम्हाला सर्वांत बोचलेली गोष्ट निराळीच आहे. १८६८ साली रेल्वे-अपघातात सापडलेल्या एका माणसाने जिवंतपणी कंपनीशी तडजोड करून पैसे घेतले. पुढे तो त्याच जखमांनी वारला. विधवेने दावा केला, तेव्हा न्यायालय म्हणाले, नवऱ्याने हिशेब चुकता केला आहे, तुझा हक्क संपला. याच्या जोडीला १९६१ चा एक निकाल ठेवा. जखमेमुळे आयुष्य कमी झाले तरी, जी वर्षे आपण जगणार नाही त्या वर्षांची मिळकत जिवंत वादीला मागता येणार नाही, असे त्यात ठरले. या दोहोंचा अर्थ काय झाला? मरणोन्मुख माणसाने घाईने निकाल घेतला तर त्याला थोडे मिळावे आणि त्याच्या बायकोपोरांना काहीच मिळू नये. त्याने निकाल न घेता मरावे, तर बायकोपोरांना भरपूर मिळावे. म्हणजे दूरदृष्टीच्या वकिलाने अशा माणसाच्या उशाशी बसून काय सल्ला द्यावा? खटला लांबू द्या. तुम्ही गेल्यावर पाहू. एखाद्या मनुष्याने आपल्या संसारासाठी आपल्याच खटल्यापूर्वी मरावे, अशी ही व्यवस्था. तहकुबी नेहमी प्रतिवादीच्याच पथ्यावर पडते असे आपण समजतो. येथे ती वादीच्या कुटुंबाच्या पथ्यावर पडत होती, पण वादीच्या प्राणाच्या मोलाने.

ही गाठ सुटली ती रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कामगाराच्या हातून. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा असाध्य रोग जडला. १९७६ साली खालच्या न्यायालयाने त्याला वेदनेबद्दल सात हजार पौंड दिले. हरवलेल्या वर्षांच्या मिळकतीबद्दल नाही. त्याने अपील केले आणि १९७७ च्या मार्चमध्ये, अपील चालण्यापूर्वी, तो गेला. त्याच्या जागी त्याची पत्नी उभी राहिली. १९७८ च्या नोव्हेंबरात उमराव सभेने १९६१ चा निकाल मोडून हरवलेल्या वर्षांची मिळकत, स्वतःच्या खर्चाचा वाटा वजा करून, देण्याचे ठरविले. म्हणजे जिवंत वादीला आता मरणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आणि हे ठरले ते वादी मेल्यानंतरच्या सुनावणीत.

आपल्याकडे मात्र ती गाठ तशीच आहे, आणि तिला आणखी एक पीळ पडला आहे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हयगयीच्या एका दाव्यातला वादी मेल्याचा प्रश्न आला. हयगय वकिलाची होती, डॉक्टरची नव्हे. पण तत्त्व एकच. न्यायालयाने सांगितले की दावा निव्वळ अपकृत्याचा असेल तर तो विझेल, कराराचा असेल तर चालेल, आणि दोन्हींचा मिळून असेल तर तितका तितका वाटा विझेल किंवा चालेल. या तर्काने पाहता फी भरून उपचार घेणाऱ्या रोग्याच्या वारसांना कराराचा आसरा आहे. धर्मादाय खाटेवर पडलेल्याच्या वारसांना तो नाही. १९८६ च्या ग्राहक कायद्याखाली वैद्यकीय सेवा येते असे १९९५ साली ठरले, तेव्हाही जेथे सर्वांनाच मोफत उपचार होतात ती इस्पितळे बाहेर राहिली. पुढे ग्राहक मेल्यास त्याच्या वारसांनी तक्रार चालवावी, अशी सोय त्या कायद्यात झाली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. चांगली सोय आहे; पण 'ग्राहक' होण्यासाठी आधी पैसे मोजावे लागतात.

त्याहून विचित्र गोष्ट रस्त्यावर दिसते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अपघातात जखमी झालेला मनुष्य पुढे वारला, तर मृत्यूचा त्या जखमेशी संबंध असो वा नसो, त्याचा भरपाईचा हक्क वारसांकडे जाईल, असे आता तेथे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे ट्रकने पाय मोडला आणि चार वर्षांनी माणूस हृदयविकाराने गेला, तर दावा जिवंत. शस्त्रक्रियेत तोच पाय गेला आणि तोच माणूस त्याच हृदयविकाराने गेला, तर वेदनेचा दावा गेला. पाय एक, माणूस एक, मृत्यू एक. हा भेद कोणी विचार करून केला असेल असे आम्हाला वाटत नाही. रस्त्याचा कायदा कोणीतरी झाडून काढला. १९२५ चे कलम कपाटात तसेच राहिले.

डॉक्टरांचीही बाजू आहे आणि ती आम्ही विसरत नाही. हयगय केल्याचा आरोप डोक्यावर घेऊन दहा-दहा वर्षे रोगी तपासणे सोपे नाही. वादी मेला म्हणून खटला विझला तर डॉक्टर सुटतो, पण निर्दोष ठरत नाही. गावात ते बोलणे राहतेच. ज्याने काही चूक केलेली नाही त्याला तहकुबीपेक्षा निकाल प्यारा असतो. या बाबतीत प्रामाणिक डॉक्टर आणि मयताची विधवा यांचे हित एकच आहे, फक्त ते दोघे न्यायालयात समोरासमोरच्या बाकांवर बसलेले असतात.

शेवटी मराठवाड्यातल्या एका खटल्याची हकीकत सांगतो. १० जुलै १९६३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेतील सरकारी इस्पितळात एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. १३ तारखेला तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोट दुखू लागले. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत रक्त टिपायचे फडके राहिलेले सापडले. २४ जुलै रोजी ती वारली. नवऱ्याने व मुलांनी दावा केला. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. फडके राहिले हे खरे, पण त्यानेच मृत्यू आला हे सिद्ध नाही आणि सरकारला जबाबदार धरता येत नाही, असे तेथे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. पोटात फडके राहणे हीच हयगय, आणि इस्पितळ चालविणे हे राजसत्तेचे सार्वभौम काम नव्हे, असे सांगून छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. त्या निकालाची तारीख २० फेब्रुवारी १९९६. ज्या बाळंतपणासाठी ती माउली इस्पितळात गेली, त्या बाळंतपणाला तेव्हा साडेबत्तीस वर्षे झाली होती.